उजवीकडचा चहा

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१८ मार्च १९९६

प्रबोध,

आशीर्वाद वगैरे पत्राच्या डोक्यावर लिहायचे असतात, ते लिहिले असं समज. तुला पत्र लिहायची सवय मोडली आहे. दर दिवाळीला तुमचं भेटकार्ड येतं, त्यावर तिघांची नावं छापलेली असतात. खाली सही करण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. त्याला उत्तर काय लिहायचं? मीही नाव छापून पाठवायचं?

आई पोचली. तुझा फोन आला नाही म्हणून कळवते.

चहाची पेटी तिने विमानात मांडीवरून खाली ठेवली नाही. चांगीला कस्टम्सच्या माणसाने मला दुभाषी म्हणून बाहेरून आत बोलावलं आणि ती उघडायला लावली. आईने कनवटीची किल्ली काढली, कुलूप उघडलं, डावं झाकण उचललं, उजवं उचललं. तो नाक खुपसून वास घेत म्हणाला, "आंटी, सिंगापूरमध्ये चहा मिळत नाही का?" आई मला म्हणाली, "त्याला सांग, मिळत असेल. पण इथे माझी लेक राहते." मी भाषांतर केलं नाही.

लेकीकडे चहा प्यायचा नाही, हा नियम तिने कुठून काढला ठाऊक नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घेऊ नये हे मीही ऐकलं होतं. पण माझी शिवांगी आता सोळा वर्षांची घोडी आहे. तसं म्हटलं, तर उत्तर तयार होतं. "जेवण म्हणजे अन्न, ते चालतं. चहा म्हणजे चैन. चैन लेकीच्या जिवावर करायची नाही." म्हणून पेटी भरून आणली. "तीन महिन्यांचा आहे. तोवर प्रबोधच्या नव्या फ्लॅटचं सुतारकाम होईल."

दादरची जागा विकून पुण्यात घेतलेल्या फ्लॅटला तू 'माझा फ्लॅट' म्हणतोस, म्हणून आईही 'प्रबोधचा फ्लॅट' म्हणते. तिची जागा, तुझा फ्लॅट. असो. सुतार कामाला लागला असेल.

पेटी माझ्या ओट्यावर बसली आहे आणि माझं स्वयंपाकघर तिचं झालं आहे. तुला आठवत नसेल, तू जन्मायच्या आधीची गोष्ट. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव होता. गोदीत कारकुनी करणाऱ्या आपल्या अण्णांना ती दागिन्यांची पेटी वाटली. शिसवी लाकूड, पितळी कुलूप, आत झाकणाचे दोन कप्पे, मध्ये काचेची वाटी. दागिन्यांचीच वाटावी अशी. आईने दोन्ही कप्पे उघडून पाहिले आणि विचारलं, "छान आहे. दागिने कधी आणताय?"

दागिने आले नाहीत. मग तिने त्यात चहा भरला.

डाव्या कप्प्यात घरचा, म्हणजे भुकटी. उजव्यात पाहुण्यांचा, म्हणजे पानाचा. मधल्या वाटीत वेलदोडे. आपण दोघं डावीकडच्या चहावर वाढलो. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले, पायातलं काढलं आणि तशीच स्वयंपाकघरात शिरले. आईने किल्ली फिरवली आणि उजवं झाकण उचललं. कपबशी काढली. तू दारात उभा होतास. "हिला का चांगला?" म्हणालास. आई म्हणाली, "ती आता पाहुणी."

तू हसलास. मी तो चहा संपवला. इतका बेचव चहा मी पुढे कुठेच प्यायले नाही, आणि मी खालच्या हॉकर सेंटरमधला डब्यातल्या दुधाचा टी-सी रोज पिते.

आता गंमत ऐक. माझ्या घरात, माझ्या गॅसवर, माझ्या भांड्यात आई रोज दुपारी दोन चहा करते. स्वतःला डावीकडचा. मला उजवीकडचा.

ताई


क्वीन्सटाउन
२४ जून १९९६

प्रबोध,

तीन महिने झाले. फोनवर तू सांगितलंस की नीताला सनमायकाचा रंग पसंत पडला नाही, म्हणून सगळं उखडून पुन्हा लावताहेत. मी आईला ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "रंग मनासारखा हवाच. रोज बघायचा असतो."

पद्माकरने तिच्या व्हिसाची मुदत वाढवून आणली. इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या मुलीने आईला विचारलं, "एन्जॉइंग सिंगापूर, आंटी?" आईने मान डोलावली. खरं तर तिने सिंगापुरात फक्त आमच्या ब्लॉकची लिफ्ट आणि खालच्या पत्रपेट्यांची रांग पाहिली आहे. रोज अकराच्या सुमाराला खाली जाते, पेटीच्या फटीतून आत बघते आणि वर येते. मी म्हटलं, पत्रपेटीची किल्ली ठेव जवळ, घराचीही एक करून देते. तर, "पाहुण्याने किल्ल्या काय करायच्या?"

चहा खाली चालला आहे. पहिल्यांदा तिने दुपारचा बंद केला. "उकडतं फार." उकडतंच इथे, पण तिला ते तिसऱ्या महिन्यात कळलं. मग सकाळच्या कपाचा अर्धा कप झाला. परवा शिवांगीने झाकण उघडं असताना आत डोकावलं. "आज्जी, व्हाय सो लिटल? टेक फ्रॉम अवर टिन लाह!" माझी मुलगी चार भाषांत बोलते आणि एकीतही वाक्य पुरं करत नाही. आईला अर्थ मात्र बरोबर कळला. "तिला सांग, लेकीच्या डब्यात हात घालत नसतात."

पद्माकर बोटीवरून आला, तोही तसाच. "सासूबाई, चार महिने बोटीवरचं काळं पाणी प्यायलोय, तुमच्या हातचा द्या." जावई म्हणजे उजवा कप्पा, हे सांगायला नको. तो उठून गेल्यावर आईने उजव्या कप्प्यात बोट घालून पाहिलं. मी बघतेय हे तिला दिसलं नाही.

प्रबोध, तिच्या हिशेबाने चहा संपला की मुक्काम संपतो. तो संपेल आणि तू बोलावलेलं नसशील, तेव्हा ती काय करेल, ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर लिही. सनमायकाबद्दल लिहू नकोस.

ताई


क्वीन्सटाउन
१२ ऑगस्ट १९९६

प्रबोध,

तुझं पाकीट मिळालं. आईने फटीतून पाहून माझी किल्ली मागून नेली आणि खालून आणलं, वर येईपर्यंत छातीशी धरून. त्यातून एका गुळगुळीत मासिकाचं कात्रण निघालं, आणि चिठ्ठी: 'ताई, ही पेटी म्हणजे टी कॅडी, अँटिक आहे. आईला सांग, तेल लावू नको, पुसू नको, ऊन लागू देऊ नको. कंडिशन कशी आहे ते कळव.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली. कंडिशन कुणाची विचारली आहेस ते नीट कळावं म्हणून. आईच्या गुडघ्यांची नव्हे, हे नक्की झालं.

कात्रण मी तिला वाचून दाखवलं. छान लिहिलंय. त्या काळी चहा महाग, म्हणून विलायतेतल्या बाया तो कुलपात ठेवत आणि किल्ली कमरेला लावत, नोकरांनी चोरू नये म्हणून. आई म्हणाली, "बघ." आपल्याकडे नोकर नव्हते, तेव्हा कुलूप कुणासाठी होतं, ते मी विचारलं नाही. पुढे लिहिलंय, मधली काचेची वाटी दोन्हीकडचा चहा एकमेकांत मिसळण्यासाठी असते. आईला हसू आलं. "मिसळायचा? मग दोन कप्पे कशाला केले मेल्यांनी?"

शेवटी असंही लिहिलंय की कप्प्यांना आतून शिशाचा पत्रा असतो आणि शिसं माणसाच्या मेंदूला बरं नाही. आपण दोघंही त्याच पेटीतल्या चहावर वाढलो. तुझ्या बाबतीत मला निदान कारण मिळालं.

कंडिशन कळवते. दसऱ्याच्या कुंकवाचा डाग झाकणावर कायमचा बसला आहे. कडा खोबरेल पिऊन काळ्या झाल्या आहेत. आणि चहा भरलेला आहे.

हो, भरलेला. सेरंगून रोडच्या तमिळ वाण्याकडे आईची ती भुकटी मिळते. आई आंघोळीला जाताना किल्ली उशीखाली ठेवते. मी चोरासारखी, माझ्याच घरात, डाव्या कप्प्यात रोज मूठभर टाकते. पानाचाही आणला, तो उजव्यात. चोरी होऊ नये म्हणून केलेली पेटी. आमच्याकडे चोर आत टाकून जातो.

दुपारचा चहा पुन्हा सुरू झाला. "बरकत आहे पेटीला," आई एवढंच म्हणाली.

नॅशनल डेचे झेंडे अजून सगळ्या ब्लॉकभर लटकताहेत. आईला वाटतं कुणाचं तरी लग्न आहे.

ताई


क्वीन्सटाउन
२९ ऑक्टोबर १९९६

प्रबोध,

दिवाळी झाली की तुम्ही टूरवर निघताय. बँकॉक, पटाया, मलेशिया, शेवटी सिंगापूर. फोनवर तू म्हणालास, "ताई, एक दुपार नक्की काढतो." आई फोनच्या शेजारीच उभी होती. तिने 'येतो' एवढंच ऐकलं.

त्या दिवसापासून ती बॅग भरते आहे. लुगडी घड्या करून झाली, औषधांचा डबा झाला. मला विचारलं, "टूरच्या विमानात आपली जागा असेल ना गं, का वेगळं तिकीट लागतं?" मी म्हटलं, विचारते.

तर विचारते आहे. तू तिला बघायला येतो आहेस की न्यायला? बघायला येत असशील तर मला आधी कळव, म्हणजे मी तिला सांगेन. कसं सांगायचं ते माझं मी बघेन. टोचून बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नाही असं तूच चारचौघांत सांगतोस. फक्त कळव. दारात उभा राहून तिला कळू देऊ नकोस.

या पत्रात एवढंच.

ताई


क्वीन्सटाउन
२१ नोव्हेंबर १९९६

प्रबोध,

तू उत्तर पाठवलं नाहीस, स्वतः आलास. बसलासही दीड तास. तेव्हा तिथे काय घडलं हे तुला लिहायची गरज नाही असं कुणालाही वाटेल. पण तू फक्त तिथे होतास, पाहिलं काहीच नाहीस. म्हणून लिहिते.

नीता खरेदीत अडकली म्हणून तू एकटाच आलास, टॅक्सीने. आईला वाकून नमस्कार केलास. बाकरवडी दिलीस. खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग काढून दाराशी असलेल्या बॅगेवर ठेवलीस. ती खालची बॅग आईची होती. भरलेली.

मग फोटो बाहेर काढलेस. नव्या फ्लॅटचा आल्बम. आईने चष्मा लावला आणि एकेका फोटोवर बोट ठेवत गेली. "हा हॉल, आई. हे किचन, मॉड्युलर म्हणतात. ही आमची खोली. ही दर्शनची." "आणि ही?" "ही स्टडी. दर्शनचा कॉम्प्युटर. दहावी आहे ना पुढच्या वर्षी." आईने पान उलटलं. हॉलचाच आणखी एक फोटो होता, भिंतीत एक कोनाडा, आत काही नाही आणि वरून दिवा सोडलेला.

"हा दिवा कशावर?"

"ओळख पाहू! ती तुझी चहाची पेटी ना, तिच्यासाठी केलाय मुद्दाम. खास फोकस मागवला नीताने. आल्यागेल्याला लगेच दिसेल."

"म्हणजे पेटीला जागा झाली," आई म्हणाली.

तू म्हणालास, "झाली ना! आज नेतोच मी." आणि पिशवीतून बबल रॅप काढलास. पुण्याहून आणलेला. बँकॉक, पटाया, मलेशिया, सगळीकडे तुझ्याबरोबर हिंडलेला. शिवांगी लगेच त्याचे फुगे फोडायला बसली. तेवढाच आवाज होता घरात.

आई उठली. "चहा टाकते," म्हणाली.

आता तू काय पाहिलं नाहीस ते सांगते. मी तिच्या मागे आत गेले. तिने दोन पातेली चढवली. किल्ली फिरवली. आधी उजवं झाकण उचललं, पानाचा चहा घेतला, वेलदोडा कुटला. माझ्या लग्नातल्या सेटमधली ती सोनेरी काठाची कपबशी काढली. बशीत बाकरवडी ठेवली, तूच आणलेली. तो कप तुझा. तू पहिल्या घोटालाच म्हणालास, "वा! आई, काय फ्लेवर आहे! असा चहा तू आधी कधी दिलाच नाहीस आम्हाला."

नव्हता दिला, प्रबोध. त्या घरात तू कधी पाहुणा नव्हतास.

मग तिने डावं झाकण उचललं. दुसऱ्या पातेल्यात भुकटी, साखर, दूध, सगळं एकदम टाकून खळखळ उकळलं. स्टीलचे दोन पेले घेतले. एक तिचा. दुसरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू आणतेस त्या चहाला जरा जास्त उकळावं लागतं. त्या सेरंगून रोडच्या." माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. पेला चटका लागेपर्यंत धरून उभी राहिले.

कडक, गोड, तोंड भाजणारा. लग्नाआधी प्यायले होते, त्यानंतर आत्ता.

तू बाहेरून हाक मारलीस. "आई, लवकर गं. पाचला गाइड हजेरी घेतो." आईने ओट्याखालचा मायलोचा रिकामा डबा काढला. डाव्या कप्प्यातला चहा त्यात ओतला. उजव्यातला त्याच्यावर ओतला. डबा दोन्ही हातांनी हलवला, झाकण दाबून बसवलं आणि माझ्या साखरेच्या डब्याशेजारी ठेवला. मग पेटीचे कप्पे पदराने आतून पुसले, कुलूप लावलं आणि पेटी बाहेर नेऊन तुझ्या मांडीवर ठेवली.

"ने," म्हणाली. "सांभाळून ने. तेल लावू नकोस म्हणे तिला."

तू तिचा हात हातात घेऊन म्हणालास, "आणि आई, तूही ये हं. उन्हाळ्यात. जरा सेटल झालो की बोलावतोच."

"येईन की," आई म्हणाली. "बोलावलंस की येईन. चार दिवस राहीन."

मग तू आपली कॅमेऱ्याची बॅग तिच्या बॅगेवरून उचललीस. लिफ्टपर्यंत ती आली. दार लागताना तू पेटीआडून हात हलवलास, तो तिला दिसला असावा.

ताई


क्वीन्सटाउन
९ जानेवारी १९९७

प्रबोध,

वर्षभरात तू आपण होऊन केलेला हा पहिला फोन. रात्रीच्या स्वस्त दराची वाटही पाहिली नाहीस. म्हणून वाटलं, आईला बोलावणं आलं. तिलाही वाटलं. टीव्ही बंद करून येऊन उभी राहिली.

तर पेटीला कुलूप आहे आणि किल्ली नाही. कोनाड्यात झाकण उघडून ठेवायची आहे, आतली काचेची वाटी दिव्याखाली चमकेल. सुतार म्हणतो तोडतो, नीता म्हणते कुलूप तोडलं तर अँटिक कसली.

मी आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि टीव्ही लावला.

तुझ्या माहितीसाठी इथली हकिकत. आईच्या व्हिसाची मुदत पुन्हा वाढवली, या वेळी मोठी. काउंटरवरच्या मुलीने पुन्हा विचारलं, एन्जॉइंग का. आई पुन्हा हो म्हणाली. दुपारचा चहा आता मायलोच्या डब्यातला होतो, दोघींना एकाच पातेल्यात. मिसळलेला चहा कसा लागतो म्हणशील, तर ना धड घरचा, ना धड पाहुण्यांचा. सवय होईल.

तिची बॅग अजून दाराशीच आहे. लुगडं धुऊन वाळलं की घडी करून तिच्यातच ठेवते, सकाळी तिच्यातूनच काढते. मी कपाटातला एक कप्पा रिकामा केला आहे. तो रिकामाच आहे. अकरा वाजता ती खाली जाऊन पत्रपेटी बघून येते. एवढंच, की आता फटीतून बघत नाही, उघडून बघते. मागच्या आठवड्यात म्हणाली, "ते किल्ल्यांचं म्हणत होतीस ना तू, दे करून." पत्रपेटीची आणि घराची, दोन्ही तिच्या कनवटीला आहेत.

तिथे आधी जी होती ती तुझ्या पेटीची. ती काढून काल माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "पाठवून दे त्याला."

मी चिडले. तुझ्या आईवर चिडायला मला कारण लागत नाही, पण काल होतं. म्हटलं, पेटी दिलीस, आता किल्लीही देतेस? मागेल ते देत सुटणार आहेस का तू त्याला?

ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?"

किल्ली सोबत पाठवते आहे.

ताई